आमची वाटचाल : वाचून शिकणारं यंत्र

हे सील (गळती रोखणारा भाग) कोणत्या पंपाला बसतं, ते किती तापमान सोसतं, त्याला कोणता द्रव चालतो, अशी माहिती आमची छोटी कंपनी कारखान्यांच्या देखभाल विभागांना पुरवते. ती इंटरनेटवर असते, पण हजारो पानांत विखुरलेली. माणसं बसवून ती टिपायची तर आमच्यासारख्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून संगणकालाच वाचायला शिकवायचं ठरलं.

सुरुवात संगणक-भाषाशास्त्रज्ञ मार्टी हर्स्ट यांच्या १९९२ च्या कल्पनेवरून केली. ‘तांबे, जस्त यांसारखे धातू’ अशी रचना दिसली की तांबे आणि जस्त हे धातू आहेत, एवढं यंत्राला अर्थ न कळताही टिपता येतं. गूगलचे सहसंस्थापक सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये यात चक्र आणलं : पुस्तक-लेखकाच्या मोजक्या जोड्या द्यायच्या, त्या जिथे येतात तिथली रचना यंत्राने उचलायची, त्या रचनेतून नव्या जोड्या काढायच्या आणि पुन्हा तेच.

चक्रात एक चूक शिरली की तीही वाढत जाते. कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने २०१० मध्ये सुरू केलेल्या, इंटरनेट वाचून सतत शिकणाऱ्या ‘नेल’ प्रणालीने इंटरनेट कुकीजना, म्हणजे संकेतस्थळं आपल्या संगणकात ठेवतात त्या छोट्या नोंदींना, बेकरीचे पदार्थ ठरवलं. मग कुकीजसारख्याच फाइल्सही डिलीट होतात, हे वाचून फाइल्सनाही त्याच गटात ढकललं. पण अनेक गट एकत्र शिकवायचे आणि त्यांनी एकमेकांना आवर घालायचा, ही नेलचीच मूळ कल्पना आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. जे शहर आहे ते व्यक्ती असू शकत नाही. जो दाब आहे तो तापमान नाही. आमच्या कामाचा कणा आजही हाच आहे.

त्यात आम्ही दोन नियम घातले. एकच मजकूर शंभर ठिकाणी चिकटवलेला असेल तर साक्ष एकच धरायची. आणि एकक ओळखल्याशिवाय आकडा घ्यायचा नाही. १० बार आणि १४५ पीएसआय हा जवळपास एकच दाब आहे, पण नुसते आकडे पाहणाऱ्या यंत्राला तो विरोधाभास वाटतो.

२०१८ मध्ये गूगलचं बर्ट हे भाषेचं मॉडेल आलं आणि हाताने लिहिलेल्या रचना मागे पडल्या. न पाहिलेली वाक्यंही यंत्राला उलगडू लागली. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. तरीही भाषेच्या मॉडेलकडून आम्ही वाचून घेतो, आठवून सांगायला लावत नाही. प्रत्येक माहितीसोबत तिचं मूळ वाक्य आणि तारीख साठवतो. पंप उघडून बसलेल्या माणसाला ती माहिती कुठून आली हे पाहता आलंच पाहिजे.

सध्या बहुतेक वेळ अटींवर जातो. नायट्राइल रबराचं सील खनिज तेलाला चालतं, गरम वाफेला नाही. पहिला भाग एका परिच्छेदात असतो, दुसरा तळटीपेत. दोन्ही जुळेपर्यंत ती नोंद ग्राहकाकडे जात नाही.