गंगापूर धरण फेरी, प्रयत्न चौथा: चोर सापडला

झाली एकदाची! नाशिकजवळच्या गंगापूर धरणाची सायकल फेरी, घरून घरी ६१ किमी आणि एकही पंक्चर नाही. आधीच्या तीन फेऱ्यांचं रडगाणं तुम्ही ऐकलंयच, तिन्ही वेळा मागचंच चाक, आणि तिसऱ्यांदा तर गिरणाऱ्याहून टोमॅटोच्या पिकअपमधे रिकाम्या क्रेटांवर सायकल आडवी टाकून आलो होतो.

तुम्ही सगळे बाभळीचा काटा, बाभळीचा काटा करत होतात, मीपण तेच धरून बसलेलो. टायरच्या आतून कापूस फिरवला, काटा असता तर तंतू अडकले असते, काही नाही. मग जाड टायर घेतला, तो चढवताना प्लास्टिकचं एक लिव्हर मोडलं, वर ट्यूबमधे सीलंट (आतून भोक बुजवणारं द्रव) ओतलं, तरी तेच. पंचवीस-तीस किमी होईपर्यंत हवा टाइट आणि मग ऊन चढलं की फुस्स.

परवा रात्री वैतागून तिन्ही जुन्या ट्यूबा बादलीत बुडवल्या, भोकांवर पेनने गोल केले आणि ओट्यावर शेजारीशेजारी मांडल्या (घरी काय ऐकावं लागलं ते सोडा). तीन ट्यूबा, तीन वेगळ्या जागा, म्हणून इतके दिवस वाटायचं की काटेच असणार. पण नीट बघितलं तर तिन्ही भोकं ट्यूबच्या आतल्या, व्हॉल्व असतो त्या बाजूला! म्हणजे रस्त्याकडून नाही, रिमकडून. आणि भोकसुद्धा टोचल्यासारखं नाही, नखाने कापल्यासारखी बारीक अर्धगोल चीर.

टायर काढून रिम टेप (रिममधली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) बघितली तर एका कडेला सरकलेली, चार-पाच स्पोकची भोकं अर्धी उघडी. रिमची आतली रुंदी १९ मिमी आणि टेप १२ची, तीपण रबरी. गरम झाली की सैल पडते, सरकते, ६५ पीएसआय हवेच्या दाबाला ट्यूब त्या भोकात दाबली जाते आणि कड तिला कापते. सीलंट का चाललं नाही तेपण कळलं, चाक फिरताना ते सगळं बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि माझं भोक आतल्या बाजूला. चाक ज्याने बांधून दिलं त्याला फोन केला तर म्हणतो, सगळ्यांना हीच लावतो. असो. आता १८ची कापडी चिकट टेप लावलीय, रिम आधी स्पिरिटने पुसून. रबरी टेप यापुढं फुकट दिली तरी नको.

ट्यूबलेस करायचं डोक्यात होतं ते आता कॅन्सल, अडीचशेच्या टेपमधे काम झालं.

फेरीबद्दल थोडं. सहाला निघालो, गंगापूर गाव, गिरणारे, तिथं चहा, मग डावीकडं आतल्या रस्त्याने त्र्यंबक रोड आणि परत. पाणी सतत दिसतं असं नाही, मधेच चढावर अचानक समोर येतं. १९६५चं मातीचं धरण आहे, भिंत गवताने इतकी हिरवी की लांबून टेकडीच वाटते. आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ला रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकल शर्यत पूर्ण केली, अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मी ६१ किमीला पाच तास लावले त्यात दोनदा भेळ. पण सरासरी बघायचीच नाही असं ठरवूनच निघालो होतो. त्र्यंबक रोडचा शेवटचा पट्टा मात्र डंपरमुळं नकोसा झाला.

पुढचं नांदूरमध्यमेश्वर ठरलं होतं, २०२०ला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळालेलं, राज्यातलं पहिलं. पण लिहिता लिहिता वाटतंय की पक्षी बघायला जायचं तर थंडीतच जावं, आत्ता घाई कशाला. त्याऐवजी हीच फेरी उलटी करू, त्र्यंबक रोड भल्या पहाटे डंपर सुरू व्हायच्या आत उरकायचा आणि गिरणाऱ्याकडून परत. पावसाळ्यात जाताना वारा तोंडावर येईल तो येईल, येताना पाठीवर.

रविवारी साडेपाचला सोमेश्वरपाशी या. पंप आणि पॅच मी आणतो, लिव्हर तुम्ही आणा.