चिंगीचं मुसकं

मागच्या श्रावणात आमच्या चिंगीचा कान फुटला. गावठी कुत्री, चार वर्षांची, घरात कुणावर कधी गुरगुरलीसुद्धा नव्हती. दवाखान्यात दुखऱ्या कानाला हात लागला मात्र, तिने मदतनिसाचं मनगट धरलं. रक्त आलं नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी नायलॉनची मझल, म्हणजे चावू नये म्हणून तोंडाला बांधायची पट्टी, लावून कान साफ केला. त्यात तोंड गच्च मिटतं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच ते अंग थंड ठेवतं. त्या तीन-चार मिनिटांत तिचे डोळे असे फिरले की मी भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टर म्हणाले, "ही मझल अगदी थोड्या वेळापुरतीच. तुम्ही घरी जाळीच्या मझलची सवय लावा. कान पुन्हा दुखणारच आहे कधीतरी."

माझ्या आजोळी मळणीच्या वेळी बैलांच्या तोंडाला दोरीचं मुसकं असायचं. म्हणून आमच्या घरात मझलला मुसकंच म्हणतात.

पहिलं मुसकं चुकलं. मी मिटलेल्या तोंडाचा घेर मोजला आणि नेमकं त्याच मापाचं मागवलं, त्यात तिला जबडा उघडताच येईना. दुसरं मोठं घेतलं. त्यात पूर्ण धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, नाकापुढे बोटभर जागा राहते आणि कड डोळ्यांना लागत नाही.

पहिले तीन दिवस ते नुसतं जमिनीवर ठेवलं. हुंगलं की चिकनचा तुकडा. मग आत, अगदी टोकाला, चक्का फासायला लागले. (पीनट बटरही चालतं, पण त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) नाही ना, हे डब्यावर वाचून घ्या. कुत्र्यांना ते विष आहे.) मी मुसकं हातात स्थिर धरायचं आणि नाक तिने घालायचं, एवढा एकच नियम मी मनाशी केला होता. मी पुढे सरकवायचं नाही. आठव्या दिवशी ती डोळे मिटून चक्का चाटत होती आणि जाळीतून जीभ माझ्या बोटांना लागत होती.

घोडं अडलं ते बकलापाशी. मानेमागे 'टक' आवाज झाला की ती दचकून मागे व्हायची. पंधराव्या दिवशी पाहुणे यायचे होते, मी घाईत बकल लावलं आणि दार उघडायला गेले. परत येईपर्यंत ती पंजांनी जाळी ओरबाडत, तोंड सोफ्याला घासत होती. पुढचे दोन दिवस मुसकं दिसलं की पलंगाखाली. चूक सर्वस्वी माझी होती.

मग पुन्हा पहिल्यापासून. बकल वेगळं हातात घेऊन लांबूनच वाजवायचं: टक, पनीर. टक, पनीर. असं चार दिवस. आवाज झाला की ती माझ्या हाताकडे बघायला लागली, तेव्हाच मानेमागे लावलं आणि लगेच काढलं. मग पाच सेकंद, दहा, अर्धा मिनिट. पाचव्या आठवड्यात ती मुसक्यासकट अंगणात फिरली.

गल्लीत लोक लांबून जातात, "चावरी आहे का?" विचारतात. वाईट वाटतं. पण दुखण्यात कुठलंही कुत्रं चावू शकतं, आणि ते टाळणं माझं काम आहे असं मी मानते. मुसकं घातलेलं असताना तिला मी एकटी सोडत नाही, नख जाळीत अडकू शकतं. भुंकते म्हणून शिक्षा म्हणून तर कधीच घालत नाही.

दिवाळीनंतर कान पुन्हा फुटला. दवाखान्याच्या बाकावर मी मुसकं पुढे धरलं, तिने नाक घातलं. कान साफ होताना ती कण्हली, एकदा मान झटकली, पण धापा टाकत उभी राहिली. मी जाळीतून चक्का भरवत होते. आता दर रविवारी, काही काम नसताना, अंगणात पाच मिनिटं मुसकं घालतो आणि जेवण त्यातूनच देतो, म्हणजे ते दिसलं की तिला फक्त दवाखाना आठवायला नको.