गोसीखुर्दच्या पाण्यावर कोकणची तयारी: दुसरी रीफ, उलटी बोट न् तिथीचं गणित

राजेहो, बरेच दिवसांनी लिहितोय. बोट तीच, बारा फुटी, मरीन प्लाय न् इपॉक्सीवाली, एकच शीड, सेंटरबोर्ड (बोट आडवी सरकू नये म्हणून मधून खाली पाण्यात जाणारी फळी) वर उचलता येतो. गोसीखुर्द धरणाच्या भिंतीमागं सध्या पार भंडाऱ्याकडं पाणीच पाणी आहे, आणि जानेवारीत जयगड ते देवगड किनाऱ्या-किनाऱ्यानं उतरायचा बेत पक्का, म्हणून सगळा सराव त्याच हिशोबानं चाललाय.

शिडाला रीफची, म्हणजे वारा वाढला की शीड खालून बांधून लहान करायची, दुसरी ओळ लावून घेतली, टेलरच्या मशीनला ते कापड झेपत नाही म्हणून सीट कव्हरवाल्या भाऊंकडं गेलो, ते म्हणे, "कोन्त्या ट्रॅक्टरची ताडपत्री हाये जी?" पण शिवण एक नंबर दिली, कोपऱ्यांना चार-चार थर. आता बोट वाऱ्यात तोंड करून उभी करायची, हॅलियार्ड (शीड वर चढवायची दोरी) सैल, पुढची कडी हुकात, मागची दोरी खेचून पक्की, परत वर, एवढं सगळं एका हातानं जमतंय कारण दुसरा सुकाणूवरच राहतो. पाण्यावर जागोजागी पांढरा फेस दिसायला लागला की पहिली रीफ घ्यायची, विचार करत बसायचं नाही.

मग बोट मुद्दाम उलटवली. लाइफ जॅकेट घालून, जवळ ढिवर काकांचा डोंगा उभा ठेवून. काकांनीच जागा दाखवली, बाकी ठिकाणी म्हणे खाली बुडालेली आमराई आहे, डोलकाठी फांद्यात अडकेल. सेंटरबोर्डवर उभं राहिलो की बोट सरळ होते, बाकांखाली बांधलेल्या रिकाम्या कॅननी तरंगतेही, पण खरी गंमत पुढं आहे, बोट पाण्यानं भरलेली असली की सेंटरबोर्डच्या खाचेच्या वरूनच पाणी आत येत राहतं, तुम्ही उपसा न् ते भरा. खाचेत दुपट्टा कोंबला तेव्हा कुठं पाणी कमी झालं. उपसायला मग्गा-बिग्गा काही कामाचा नाही, बादलीच पाहिजे आणि ती बोटीला बांधलेली पाहिजे.

धरणात एकच गोष्ट शिकता येत नाही, भरती-ओहोटी. ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर शिकतोय. कोकणातला जुना हिशोब, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला ६ च्या सुमारास पूर्ण भरती, १२ ला ओहोटी. अंदाजच आहे, भरती-ओहोटीचं छापील कोष्टक सोबत असणारच, पण मोबाईल बंद पडला तरी डोकं चालू राहतं. आणि खाडीच्या तोंडाशी ह्याच्यावरच सगळं आहे, ओहोटीचं पाणी बाहेर येतंय न् समोरून लाटा आत येतायत अशा वेळी वाळूच्या दांड्यावर लाट उभी राहते, बारा फुटी बोटीनं तिथं जायचंच नाही. आत शिरायचं ते चढत्या पाण्यावर.

नौदलाच्या दिलीप दोंदेंनी २००९-१० मध्ये म्हादेई या शिडाच्या बोटीवर एकट्यानं पृथ्वीला फेरी मारली ती फक्त चार थांब्यांत, आपण रोज संध्याकाळी खाडीत! सकाळी मतलई (जमिनीवरून समुद्राकडं जाणाऱ्या) वाऱ्यावर निघायचं, दुपारी वायव्येचा खारा वारा मागून-बाजूनं मिळतो, म्हणून दक्षिणेकडंच जायचं, परत येताना बोट पिकअपमध्ये. जयगड ते रत्नागिरी ३५ किलोमीटरच्या आसपास, तीन नॉटनं (ताशी साडेपाच किलोमीटर) धरलं तर सहा-साडेसहा तास, दिवसाउजेडी होतं. रत्नागिरी ते विजयदुर्ग मात्र ५० च्या घरात जातं, एका दिवसात नको वाटतं, मधे पूर्णगडला थांबावं म्हणतोय. विजयदुर्गची काळजी नाही, आत आडोसा चांगला आहे.

पूर्णगडच्या तोंडातून छोटी शिडाची बोट कोणी आत नेली असेल तर सांगा भाऊ, वाळूचा दांडा कोणत्या अंगाला आहे न् अर्ध्या भरतीला सेंटरबोर्ड अर्धा उचलून जमतं का.