इलोकोसचं पाण्याशी वैर

फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटाच्या वायव्येला, कोर्दिलेराचे डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये इलोकोसची चिंचोळी किनारपट्टी आहे. इलोकोस नोर्ते आणि इलोकोस सुर हे तिथले दोन प्रांत. पावसाळा संपला की पुढचे सहा महिने कोरडे, म्हणून भात निघाल्यावर शेतात लसूण आणि तंबाखू. तिथल्या गाड्यांवर आणि साध्या खानावळींत जे शिजतं ते जवळून पाहिलं तर वाटतं, या लोकांचं पाण्याशी जुनं वैर असावं. पदार्थ कुठलाही असो, त्यातलं पाणी कधी आणि किती घालवायचं यावर सगळं ठरतं.

पहिला मान एम्पानाडाचा, म्हणजे सारण भरून तळलेल्या करंजीसारख्या पदार्थाचा. नाव आणि अर्धगोल घाट स्पॅनिश, पण मैद्याची पारी जाऊन तांदळाची आली आणि पदार्थ इलोकोसचा झाला. विगनला प्लाझा बुर्गोसच्या टपऱ्या आणि बाताकला नदीकाठचा एम्पानाडांचा बाजार, ही दोन मुख्य ठाणी. कोणाचा चांगला यावर दोन्ही गावांचं एकमत होणार नाही, होऊही नये. विगनची पारी पातळ आणि रंगाने फिकी. बाताकची भडक केशरी, जास्त कुरकुरीत, आणि आत मूगही असतात.

ज्या घरात मोदकांची उकड निघते तिथे ही पारी वेगळी शिकवावी लागत नाही. दोन वाट्या तांदळाची पिठी, तेवढंच पाणी, चमचाभर मीठ, दोन चमचे तेल. पाणी उकळलं की पिठी घालायची, झाकून वाफ काढायची आणि चटका बसेल इतकी गरम असतानाच मळायची. निवू दिली तर कडा चिरतात आणि मग कितीही मळा, त्या जुळत नाहीत. केशरी रंग अत्सुएतेचा, म्हणजे आपल्या शेंदरीच्या बियांचा. झाड मूळचं अमेरिकेतलं. मेक्सिकोतल्या आकापुल्कोहून मनिलाला येणाऱ्या स्पॅनिश गलबतांच्या काळात ते फिलिपिन्सला पोचलं. रंग बीच्या वरच्या सालीत असतो आणि तेलात छान सुटतो. घरी करताना चमचाभर बिया त्याच दोन चमचे तेलात मंद आचेवर दोनेक मिनिटं ठेवायच्या, तेल लालसर झालं की गाळायचं. तेलाला धूर येऊ दिलात तर रंग तपकिरी पडतो आणि पारी कडवट होते.

सारणात किसलेली कच्ची पपई, लोंगानिसा नावाच्या सॉसेजचा मोकळा केलेला खिमा आणि एक अंडं. खरी परीक्षा पपईची. कीस मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचा आणि फडक्यात घट्ट पिळायचा. हातातून थेंब पडायचे थांबले की पुरे. ओला कीस भरला तर तेलात त्याची वाफ होते, वाफ बाहेर पडायला वाट शोधते आणि पारी शिवणीवर फुटते. बाताकच्या पद्धतीने करायचं तर मूग शिजलेले हवेत पण फुटलेले नकोत, आणि तेही निथळून कोरडे.

टपरीवर हे सगळं ऑर्डर दिल्यावर, डोळ्यांसमोर होतं. तेल लावलेल्या प्लास्टिकच्या कागदावर किंवा केळीच्या पानावर लिंबाएवढा गोळा ठेवून पातळ लाटतात. अर्ध्या भागात पपई पसरतात आणि तिच्यात बोटांनी आळं करतात. अंडं त्या आळ्यात फोडायचं, पिवळं बोटानेच मोडायचं, वर लोंगानिसा. मग कागदासकट दुसरी बाजू उचलून दुमडायची, कडा दाबायची आणि बशीच्या काठाने जादा पारी गोल कापून टाकायची. आळं उथळ राहिलं की अंडं कडेला ओघळतं, ओली कड चिकटत नाही आणि कढईत गेल्यावर तेल उडतं. तेल खोल आणि चांगलं तापलेलं हवं. तळायला तीनेक मिनिटं लागतात. एक बाजू घट्ट झाल्याशिवाय झारा लावायचा नाही. मागताना साधा, स्पेशल किंवा ‘डबल डबल’ म्हणतात. शेवटच्यात दोन अंडी आणि दुप्पट लोंगानिसा. जेवणाऐवजी खायचा असेल तरच तो घ्यावा, कारण एवढ्या भाराला पातळ पारी पुरी पडत नाही आणि निम्मं सारण कागदात उतरतं.

सोबत सुकांग इलोको, म्हणजे उसाच्या रसाचा गडद तपकिरी व्हिनेगर. रस आंबून आधी बासी नावाची दारू होते आणि ती आणखी आंबली की व्हिनेगर. बासी इथे इतकी जिव्हाळ्याची, की स्पॅनिश सरकारने ती खासगीत बनवण्यावर आणलेल्या बंदीविरुद्ध 1807 मध्ये लोक हत्यारं घेऊन उठले होते. दोन्ही गोष्टी मुरवायच्या त्या बुर्नाय नावाच्या भाजलेल्या मातीच्या रांजणांत. विगनला हे रांजण घडवणाऱ्या भट्ट्या अजून आहेत. व्हिनेगरमध्ये छोटे लाल कांदे, लसूण आणि मिरची चिरून टाकलेली असते. एम्पानाडा त्यात बुडवायचा नाही, बुडवला की मऊ पडतो. एक टोक चावून आत भोक करायचं आणि चमच्याने व्हिनेगर आत सोडायचा. पपईचा गोडसरपणा आणि अंड्याचा जडपणा त्याने कापला जातो. व्हिनेगर नको म्हणणाऱ्याने एम्पानाडा खाल्ला असं मी तरी धरणार नाही.

लोंगानिसा म्हणजे लसणाचं डुकराच्या मांसाचं सॉसेज. फिलिपिन्समध्ये इतरत्र ते बरेचदा गोड असतं. विगनचं मात्र आंबट-खारट, बोटाएवढं आणि लसणाने भरलेलं. कोरड्या तव्यावर टाकलं तर बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. म्हणून तव्यात अर्धी वाटी पाणी घालायचं, ते आटेपर्यंत शिजवायचं, मग सुईने टोचायचं आणि सुटलेल्या चरबीतच लालसर परतायचं.

बाग्नेत हा या वैराचा कळस. डुकराच्या पोटाचा कातडीसकट सलग तुकडा मीठ, लसूण, मिरी आणि तमालपत्र घातलेल्या पाण्यात तासभर उकळतात. कातडीत काटा सहज शिरला की काढून निथळवतात आणि जमल्यास रात्रभर उघडा सुकवतात. मग तळण दोनदा. पहिलं मंद आचेवर, अर्धा-पाऊण तास, फक्त आतला ओलावा आणि चरबी काढायला. तुकडा पूर्ण गार झाला की दुसरं तळण कडक तेलात, कातडीवर फोड येईपर्यंत. घाई करणारे एकाच तळणात उरकतात. ताटात ते छान दिसतं, पण तासाभरात कातडी चामड्यासारखी चिवट होते. नीट सुकवलेलं नसेल तर तेल अंगावर येतं. झाकण ढालीसारखं हातात धरूनच उभं राहावं. सोबत टोमॅटो, छोटे कांदे आणि खारवून आंबवलेल्या माशांची बागोओंग कालवून देतात.

भाजीतही तेच. पिनाकबेतमध्ये छोटी कारली, वांगी, भेंडी, टोमॅटो आणि बागोओंग. मनिलाकडे कोळंबीची बागोओंग आणि लाल भोपळा घालतात; इलोकोसमध्ये माशांची, आणि जुन्या वळणाचे लोक भोपळा घालत नाहीत, तो विरघळून रस दाट करतो. तळाला टोमॅटो, वर बाकीच्या भाज्या, जेमतेम अर्धी वाटी पाण्यात कालवून गाळलेली बागोओंग, आणि झाकण. डाव घालायचा नाही. मधूनमधून भांडं दोन्ही हातांनी धरून हिसका द्यायचा, म्हणजे भाज्या उलटतात पण मोडत नाहीत. ढवळलं की भेंडीची तार सुटते आणि कारल्याचा कडूपणा सगळीकडे पसरतो. पाणी आटून भाज्या सुरकुतल्या की झाली. रसदार पिनाकबेत देणारी खानावळ पर्यटकांसाठी आहे असं समजून पुढच्या वेळी दुसरीकडे जावं.

मांस न खाणाऱ्यांनी एम्पानाडा लोंगानिसा वगळून मागावा. टपरीवाले तो तसा करून देतात, पण कढई तीच असते. पिनाकबेत भाजी दिसली तरी बागोओंगशिवाय नसते, आणि खानावळीत वर बाग्नेतचे तुकडेही बरेचदा पडतात. एम्पानाडा बांधून न्यायचाच असेल तर प्लास्टिकची पिशवी नको. कागदी पिशवी घ्यावी, तोंड उघडं ठेवावं, व्हिनेगर वेगळा मागावा, आणि तरीही अर्ध्या तासाच्या आत संपवावा.