डिकीकडून बघितलेली मरीना

जुनी गाडी बघायला गेलं की लोक आधी बॉनेट उघडायला लावतात. स्टेशन वॅगन, म्हणजे छत थेट मागपर्यंत नेलेली लांब गाडी असेल तर मी आधी डिकी उघडते. मिरजेला जवारीसाठी, म्हणजे घोडी घासून सूर खुलवून घ्यायला, तानपुरे न्यायचे असतात आणि ते आडवे, गादीवर, कशाचाही दाब न येता जायला हवेत. त्यासाठी उंच एसयूव्हीपेक्षा बुटकी, लांब वॅगन मला कधीही जास्त पटते.

आपल्याकडे या गाड्या फार खपल्या नाहीत. टाटा इस्टेट, बलेनो अल्टुरा, कोर्सा स्विंग, सगळ्या आल्या आणि गेल्या. टाटाचीच इंडिगो मरीना २००४ ची, आपल्या पिंपरीत बनलेली. इंजिनाचे बरेचसे पार्ट इंडिका-इंडिगोचेच, त्यामुळे नाना पेठेत अजून माल मिळतो. पण डिकीचं दार, मागची काच आणि उभे दिवे फक्त मरीनाचे. ते गेले की भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवायचे. म्हणून सुरुवात मागून.

धनकवडीच्या एका काकांची २००७ ची डिझेल मरीना होती. मी आणि आमचे मिस्त्री सकाळीच पोचलो. "काका, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका," असं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, आणि त्यांनी ते पाळलं. डिकीतला गालिचा उचलून चाकांच्या कमानीवरचे सांधे टॉर्चने बघितले. मग काकूंकडून बादलीभर पाणी मागून दाराच्या वरच्या रबरावर ओतलं. डाव्या कोपऱ्यातून थेंब आत आले. रबर बदलता येतं, पण तिथला पत्रा गंजाने किती खाल्लाय ते महत्त्वाचं. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघितलं. आवाज टणक आला, वरवरचा गंज होता. पत्रा सडलेला असता तर मी तिथूनच परत फिरले असते. इंजिन खोलून पुन्हा बांधता येतं, सडलेल्या पत्र्यावर मात्र डेंटिंगवाला पुट्टी भरून रंग मारतो आणि दोन पावसाळ्यांत तो पुन्हा फुगतो.

इंजिन थंड असताना चालू करण्याचा आग्रह एवढ्यासाठी की गरम डिझेल इंजिन बरंच काही लपवतं. थंड इंजिन पेटवायला मदत करणारे ग्लो प्लग गेलेले असतील तर ते सकाळीच कळतं. ही जरा घरघरून लागली, थोडा काळा धूर आला आणि थांबला. निळा धूर राहिला असता तर इंजिन ऑइल खातंय. पांढरा, गोडसर वासाचा असता तर कूलंट आत जातंय आणि हेड गॅस्केटचा खर्च समोर. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढून मिस्त्रींनी त्यावर तळवा धरला. वाफ होती, पण धपापत नव्हती, म्हणजे इंजिन आतून फार झिजलेलं नव्हतं.

वॅगन रिकामी चालवून काहीच कळत नाही. मागे काकांचा पुतण्या आणि त्यांच्याच दुकानातली सिमेंटची पोती घेऊन कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत एसी लावून चढवली. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. उतरताना मात्र मागच्या डाव्या बाजूने खड्ड्यात खट्‌ खट्‌. बुश गेलेत, शॉकअपही थकलाय. टायरवर कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. इथे नक्षी नवीकोरी दिसत होती, पण वर्ष २०१६. गाडी फार फिरली नव्हती, रबर मात्र उभ्या उभ्या म्हातारं झालं होतं.

कागदांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची, पुढे फिटनेस करून ५-५ वर्षांनी वाढवायची. काकांनी २०२२ मध्ये वाढवली होती, म्हणजे २०२७ मध्ये पुन्हा आरटीओ, फी आणि पर्यावरण कर. तो खर्च घेणाऱ्याच्या डोक्यावर येतो, म्हणून किमतीत धरायचाच. चेसिस नंबर पत्र्यावरून स्वतः वाचून आरसीशी जुळवला. आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसत होता. कर्ज केव्हाच फिटलेलं, पण नोंद कुणी काढलीच नव्हती.

मागची सीट पाडून मोठा तानपुरा ठेवला. तिरका, पण मोकळा बसला.

चार टायर, बुश आणि रबराचे पैसे वजा करून मी आकडा सांगितला. काकांनी थोडं ताणलं, मग हो म्हणाले. बँकेचं एनओसी आणि बोजा काढायचा फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत मी फक्त टोकन दिलंय. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्यानंतर.