फॉरमॅट मारायच्या आधी ही यादी बघा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्याचं ऑफिस असो की राजारामपुरीतला क्लास, तक्रार ठरलेली. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली सारखे चौकोन उगवतात: ‘कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले’, ‘अँटिव्हायरसची मुदत संपली’. अँटिव्हायरसनं स्कॅन केलं तर काहीच सापडत नाही. मग कुणीतरी जाणकार सांगतो, ‘फॉरमॅट मारून टाक.’ अजिबात मारू नका. बहुतेक वेळा तो व्हायरस नसतोच, मग स्कॅनला सापडणार काय? हे चौकोन म्हणजे वेबसाइटनं ब्राउझरमार्फत पाठवलेली नोटिफिकेशन, आणि त्याला कुणीतरी कधीतरी ‘अलाउ’ म्हणजे परवानगीचं बटण दाबून दिलेलं असतं.

हे ‘अलाउ’ बहुधा निकाल शोधताना, पीडीएफ उतरवताना किंवा फुकटात सिनेमा बघताना दाबलं जातं. पानावर लिहिलेलं असतं, ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाउ दाबा.’ खरा कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे ना हे तपासणारी चाचणी, चौकटीत टिक करायला लावेल, चित्रं ओळखायला लावेल, पण नोटिफिकेशनची परवानगी कधीच मागणार नाही. एकदा परवानगी मिळाली की ती साइट ब्राउझरमध्ये आपला छोटा प्रोग्रॅम ठेवून देते. मग तिचं पान उघडं नसलं तरी निरोप येत राहतात.

चौकोनावर विंडोजचा किंवा नावाजलेल्या अँटिव्हायरसचा लोगो असला तरी भुलू नका, चित्र कुठलंही लावता येतं. ब्राउझरचं नाव आणि साइटचा पत्ता बारीक अक्षरात कुठे दिसतो ते बघा. विंडोजच्या स्वतःच्या इशाऱ्यात वेबसाइटचा पत्ता नसतो. आणखी एक डाव: चौकोनातल्या बटणांवर काय लिहायचं हे त्या साइटच्याच हातात असतं. तिथलं ‘क्लोज’ दाबलं तरी त्यांचं पान उघडू शकतं. त्यामुळे आत कुठेही क्लिक न करता थेट ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जा.

क्रोममध्ये वर उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’. खाली परवानगी दिलेल्या साइट्सची यादी असते. अनोळखी पत्त्यासमोरचे तीन ठिपके दाबून ‘ब्लॉक’ करा. ‘रिमूव्ह’ केलं तर नोंद फक्त पुसली जाते आणि ती साइट पुन्हा विचारू शकते. त्याच पानावर वर ‘साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका’ असा पर्याय आहे, तोही निवडून टाका. पण नुसता तोच निवडून भागत नाही, आणि बरेच जण इथंच फसतात. आधी परवानगी मिळालेल्या साइट्स त्यातून सुटतात, त्यामुळे यादी हातानं साफ करावीच लागते. जीमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप वेबची नोटिफिकेशन हवी असतील तर त्यांच्या नोंदी राहू द्या.

मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘नोटिफिकेशन्स’ लिहा आणि साइट परवानग्यांचं पान उघडा, बाकी सगळं तसंच. फायरफॉक्समध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ‘परमिशन्स’खाली नोटिफिकेशन्ससमोरचं ‘सेटिंग्ज’ बटण आहे. तिथं नव्या विनंत्या अडवायची चौकटही मिळते. शेवटी ‘सेव्ह चेंजेस’ दाबायला विसरलात तर केलेलं सगळं वाया.

हिस्टरी पुसून हे जात नाही, कारण परवानग्या वेगळ्या साठवलेल्या असतात. क्रोम काढून पुन्हा टाकलं तरी, काढताना ब्राउझिंग डेटा पुसला नसेल, तर जुनी यादी परत हजर.

सगळं करूनही चौकोन येत असतील तर क्रोमचं दुसरं प्रोफाइल तपासा. एकाच मशिनवर मालक, अकाउंटंट आणि पोरांची वेगवेगळी प्रोफाइल असतात, आणि प्रत्येकाची यादी वेगळी. ओळखीचं नसलेलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा जादा प्रोग्रॅम) दिसलं तर तेही काढा.

सायरन वाजत पूर्ण स्क्रीन व्यापणारं पान आलं तर एस्केपची कळ दाबून धरा. नाहीच गेलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा आणि पुन्हा उघडल्यावर जुनी पानं परत आणू का असं विचारणाऱ्या ‘रिस्टोअर’ला नाही म्हणा. त्या पानावर दिलेल्या नंबरला फोन लावून कुणाला रिमोट अ‍ॅक्सेस, म्हणजे दुरून आपलं मशिन चालवायची मुभा, दिलीच असेल, तर आधी इंटरनेट तोडा आणि पासवर्ड दुसऱ्या मशिनवरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा, तिथं तो विचारतात.