सिलिकोसिसची सूचना: पत्र आवक टेबलावर का अडतं

एमबीबीएसनंतर तीन महिन्यांचा एएफआयएच (औद्योगिक आरोग्याचा) कोर्स, मग फाउंड्रीतल्या, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यातल्या, कामगारांची नियमित तपासणी, स्पायरोमेट्री (फुफ्फुसांची क्षमता मोजणं), ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) हे सगळं रीतसर पार पडतं. मला छळलं ते सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार) कळवण्याच्या पत्राने, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 चं (नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम 89, पोटकलम 2 पाहा. कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या रुग्णाला तिसऱ्या अनुसूचीतला (कळवायच्या आजारांच्या यादीतला, सिलिकोसिस त्यात येतो) आजार आहे असं डॉक्टरचं मत झालं, तर मुख्य निरीक्षकांच्या कार्यालयाला विनाविलंब लेखी कळवायचं. पत्रात मागितलेल्या गोष्टी तीनच होत्या: रुग्णाचं नाव व पूर्ण पत्ता, आजार, आणि सध्याच्या किंवा शेवटच्या कारखान्याचं नाव-पत्ता. तेवढं लिहून दिलं, तर आवक टेबलावरून पत्र परत आलं. म्हणे कंपनीचा दाखला जोडा. फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणं) करणारा माणूस ठेकेदाराकडचा, काम सोडून वर्षं झालेली. त्याला दाखला देणार कोण? मग बायोप्सी मागितली. मग टीबी नसल्याचं प्रमाणपत्र.

यातलं काहीही डॉक्टरने द्यायचं नसतं. सिलिकोसिस बहुधा दहा-दहा वर्षं धूळ खाल्ल्यावर दिसतो, म्हणून तर कायद्याने माजी कामगारही धरला आहे. निदानाला सहसा कामाचा इतिहास आणि छातीचा एक्स-रे पुरतो. बायोप्सी क्वचितच लागते. टीबीचं तर उलटंच आहे. सिलिकोसिसच्या रुग्णाला टीबीचा धोका जास्त असतो, दोन्ही एकत्र सापडतात. सीबीनॅट (टीबीची चाचणी) पॉझिटिव्ह आली म्हणून सिलिकोसिस खोडता येत नाही. आजाराची खातरजमा हे पुढचं, सर्टिफाइंग सर्जनचं (कायद्याखाली नेमलेल्या डॉक्टरचं) काम होतं. डॉक्टरने मात्र कळवलं नाही, तर त्याच कलमात 1000 रुपयांपर्यंत दंड होता.

शेवटी पोटकलमाचा मजकूर पत्राच्या सुरुवातीलाच टाइप केला आणि पोचपावतीसह टपालाने पाठवला. मग आवक क्रमांक मिळाला. हातोहात द्यायच्या भानगडीत पडू नका.

एक्स-रेचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊ नका, मूळ डिजिटल फाइल सीडीवर मागा. पूर्ण श्वास आत घेऊन काढलेला पीए व्ह्यू (किरण पाठीकडून छातीकडे) हवा, नाहीतर आयएलओ वर्गीकरणाने (धुळीच्या आजारांचे एक्स-रे वाचायची आंतरराष्ट्रीय पद्धत) वाचताना बारीक ठिपके हुकतात किंवा नसलेले दिसतात. स्पायरोमेट्री नॉर्मल आली तरी सुरुवातीचा सिलिकोसिस असू शकतो.

इतिहास लिहिताना "फाउंड्री कामगार" एवढ्यावर थांबू नका. कोअर शॉप (साच्यातले वाळूचे गाभे बनवण्याचा विभाग), फेटलिंग की शॉट ब्लास्टिंग (छर्‍यांच्या माऱ्याने सफाई), किती वर्षं, पाणी मारून की कोरडं, हे प्रत्येक नोकरीचं वेगळं लिहा. बायकांना आवर्जून विचारा. हजेरीवर त्या "हेल्पर" असतात, आणि कोरडी वाळू झाडूने लोटायचं, सगळ्यात धुळीचं काम त्यांच्याच वाट्याला येतं. पीएफचा यूएएन किंवा ईएसआयसी क्रमांक असेल तर टिपून ठेवा; त्या कलमाखालच्या सूचनेला तो लागत नव्हता, पण भरपाईच्या दाव्यात नोकरी सिद्ध करायला उपयोगी पडतो. पत्राची एक प्रत, आवक क्रमांकासकट, रुग्णाच्या हातात द्या.